सुटल्यावर राहणार कुठे

खुनाच्या केसमध्ये जामीन झाला की पाड्यावर त्याचे दोनच अर्थ निघतात. आरोपीकडचे म्हणतात, बघा, आमचा पोरगा निर्दोष होता. मयताकडचे म्हणतात, वर पैसे चारले. दोन्हीकडचं ऐकून माझे कान किटले आहेत. शहापूर आणि मुरबाडच्या कोर्टांत काळा कोट घालून इतकी वर्षं मी एकच सांगत आले, की बाबांनो, खून केला की नाही हे जामिनाच्या वेळी ठरत नसतं. त्यासाठी पुढे खटला आहे, साक्षी आहेत, उलटतपासणी आहे. जामिनाला कोर्ट एवढंच बघतं, की तोवर ह्या माणसाला आत ठेवायची गरज आहे का. गुन्हा किती गंभीर, कागदावर पुरावा किती भक्कम दिसतो, सुटल्यावर हा पळेल का, साक्षीदारांना दम देईल का, पुन्हा काही उद्योग करेल का. हे सगळं मी घसा कोरडा करून सांगते. समोरचा मान हलवतो आणि विचारतो, मंग सुटला म्हंजे केस खलास ना? आता ह्यावर काय बोलायचं.

ज्या केसबद्दल लिहितेय ती अलीकडचीच, नवा कायदा आल्यानंतरची. खुनाचं तीनशे दोन कलम जाऊन एकशे तीन आलं, पण आमच्या बार रूममध्ये अजून सगळे तीनशे दोनच म्हणतात. मीही म्हणते. तोंडाला बसलेलं असं एका दिवसात सुटत नाही.

माझं ऑफिस शहापूरला झेरॉक्सच्या दुकानाच्या वर आहे. एका दुपारी एक बाई भावाला घेऊन जिना चढून आली. डोळखांबच्या वरच्या अंगाला पाडा आहे, तिथली. भाऊ मुरबाडकडचा, जरा शेतीवाडी असलेला, पण तो खुर्चीत बसला तो बसलाच. बोलत होती ती. मुलगा जेलमध्ये आहे, चार्जशीट झालंय, बाहेर काढायचंय. मी वही उघडली आणि नेहमीच्या प्रश्नांना सुरुवात केली. मेला कोण? जावाय, ती म्हणाली. मला वाटलं गोंधळलीय, म्हणून विचारलं, कुणाचा जावई? तर म्हणाली, माजाच.

म्हणजे हिच्या मुलाने हिच्याच मुलीच्या नवऱ्याला मारलं होतं. फिर्याद कुणाची? लेकीची. डोळ्यांनी बघितलेला साक्षीदार? लेकच. दुसरं कुणी तिथे नव्हतं. मी पेन खाली ठेवलं. वकिली करताना माणसाचं काळीज थोडं निबर होतं, माझंही झालंय, पण त्या बाईकडे बघून मला त्या दिवशी खरंच वाईट वाटलं. तिच्या चेहऱ्यावर मात्र तसं काही नव्हतं. तिला फक्त कधी सुटेल ते हवं होतं.

झालं होतं ते असं. मायलेकींची घरं शेजारशेजारच्या पाड्यांवर. मुलगा लग्नाचा राहिलेला, बहिणीकडेच असायचा. मेहुणा आणि तो मिळून शेत करायचे. दिवाळीनंतर भाताची झोडणी चालली होती. संध्याकाळी खळ्यावर दोघेही प्यायले. राखणीला खळ्यावर कोणी झोपायचं यावरून जुंपली. जुंपली म्हणजे काय, रोज जुंपते तशीच. मेहुण्याने ह्याच्या आईवरून शिवी दिली, ह्याच्या हाताला शेजारी पडलेली पहार लागली. एकच घाव, पण डोक्यात. बहीण तिथेच भात वारवत होती. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला. हा पळालाबिळाला नाही, खळ्यावरच बसून राहिला. पोलीस आले तेव्हा बहिणीने जे पाहिलं ते सांगितलं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. तिचा जबाब मी नंतर वाचला. इतका सरळ जबाब वकिलाला नको असतो.

तरी केस अगदीच वाया गेलेली नव्हती. घाव एकच, हत्यार घरून आणलेलं नाही, जुनं वैर नाही, अचानक भांडणातून घडलेलं. हा खून की सदोष मनुष्यवध, ह्यावर खटल्यात बोलायला जागा होती आणि जामिनालाही तिचा उपयोग होता. तपास संपलेला, चार्जशीट दाखल, पहार जप्त. पोलिसांना त्याच्याकडून आता काही काढायचं राहिलेलं नव्हतं. पूर्वीचा एकही गुन्हा नाही. अशा गुन्ह्यात खालचं कोर्ट जामीन देत नाही, म्हणून अर्ज कल्याणला सेशन कोर्टात घालायचा होता. अडचण एकच, आणि ती डोंगराएवढी. सगळी केस एका बाईच्या साक्षीवर उभी, आणि ती बाई आरोपीची सख्खी बहीण. सरकारी वकील काय म्हणणार ते मला झोपेतसुद्धा पाठ होतं. हा सुटला की पहिलं काम बहिणीचं तोंड बंद करायचं करील.

म्हणून मी आईला बजावलं. फिर्यादी म्हणून लेकीला कोर्टाची नोटीस जाईल, ती येईल, तिला विचारतील. तुम्ही तिला काहीही पढवायचं नाही. तिला हरकत असेल तर तिने तसं सांगावं. आई म्हणाली, ती काय हरकत घेनार, भाव हाय तिचा. मी म्हटलं, मावशी, मेला तो नवरा होता तिचा. आणि मग मी दुसरं बजावलं, कोर्टात तुम्ही तोंड उघडायचं नाही. काय बोलायचं ते मी बोलेन. हो हो, म्हणाली. पाड्यावरच्या माणसांचं हो हो म्हणजे काय ते मला इतक्या वर्षांनी कळायला हवं होतं, पण जाऊ दे.

सुनावणी लागली ती कडक उन्हाळ्यात. मायलेकी एकाच जीपने आल्या आणि कोर्टात एकाच बाकावर बसल्या, मधे पिशवी ठेवून. न्यायाधीश शांत स्वभावाचे, अर्ज आधी वाचून बसणारे. अशांपुढे फार आवाज चढवावा लागत नाही. मी माझं म्हणणं मांडलं. सरकारी वकिलांनी त्यांचं मांडलं: गंभीर गुन्हा, प्रत्यक्षदर्शी साक्षीदार जवळची नातेवाईक, दबावाची दाट शक्यता. मी म्हटलं, दबावाची नुसती भीती घालून कुणाला खटला संपेपर्यंत आत ठेवता येत नाही. अटी घाला, आम्ही पाळू. न्यायाधीश माझ्या बाजूने झुकताहेत असं मला वाटत होतं. माणूस लिहिता लिहिता मधेच थांबतो ना, त्यावरून कळतं.

मग त्यांनी साधा प्रश्न विचारला. आरोपी सुटल्यावर राहणार कुठे? मी म्हटलं, आईकडे, पत्ता अर्जात दिला आहे. एवढं बोलून मी खाली बसणार, तोच मागून आवाज आला.

"नाय साहेब. लेकीच्या घरी राहील तो. तिला कोन हाय आता? पैल्या आवणीला भावानंच उभा राहाया लागतो."

मी कपाळावर हात मारला नाही एवढंच. सरकारी वकिलांना उठायचीही गरज पडली नाही, ते पेनाचं टोपण लावून स्वस्थ बसले. माझं डोकं असं फिरलं होतं की त्या क्षणी आरोपीपेक्षा त्याच्या आईलाच आत टाका म्हणून अर्ज केला असता.

पण ती खोटं बोलत नव्हती आणि डावही टाकत नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. त्यांच्या पाड्यांवर रीत आहे. बाई विधवा झाली की तिच्या शेताची पहिली आवणी, म्हणजे भाताची लावणी, तिचा भाऊ करतो. पहिली मूठ त्याने चिखलात रोवायची, मग बाकीच्यांनी हात लावायचा. भाऊ नसेल तर चुलतभाऊ, तोही नसेल तर पाड्यातला कुणी मानलेला. सख्खा भाऊ असून आला नाही तर त्या घराकडे लोक वेगळ्या नजरेने बघतात. कोर्ट विचारतंय की हा पळून जाईल का, तर आईच्या हिशेबी तिने भक्कमातला भक्कम हवाला दिला होता. बहिणीची आवणी टाकून कोण पळेल? ती सांगत होती की माझा मुलगा रीत सोडणारा नाही. कोर्टाला मात्र एवढंच ऐकू आलं, की आरोपी सुटल्या सुटल्या एकुलत्या एका साक्षीदाराच्या घरात जाऊन राहणार आहे. ज्याने नवरा मारला तोच नवऱ्याच्या जागी शेतात उभा राहणार, ह्यात काही चमत्कारिक आहे हे आईच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिच्या लेखी मुलगा मुलगा होता आणि मुलगी मुलगी, आणि दोघांचं एकमेकांशी नातं जसंच्या तसं होतं.

न्यायाधीशांनी तिला बसायला सांगितलं आणि मुलीला पुढे बोलावलं. ती उठली. अंगाने बारीक, पंचविशीच्या आतबाहेरची. त्यांनी विचारलं, तुमच्या भावाला सोडावं की नाही, ह्यावर तुम्हाला काही सांगायचंय का? ती आईकडे बघेल असं मला वाटलं. तिने बघितलं नाही.

"सोडायचा तर सोडा साहेब. भाव हाय माजा, आत सडू नये. पन माज्या दारात नको. आवणी माजी मी बघीन."

कुणी सांगून बोलता आहात का, न्यायाधीशांनी विचारलं. नाय, ती म्हणाली, आय सांगत होती ते निराळंच होतं. कोर्टात दोघेतिघे हसले. मीही हसले असते, पण आईकडे लक्ष गेलं. तिने मधली पिशवी मांडीवर ओढून दोन्ही हातांनी धरली होती आणि लेकीकडे अशी बघत होती की जणू ही कोण बाई आहे ते तिला आठवत नाहीये.

निकाल पुढच्या आठवड्यात आला. जामीन मंजूर. अर्ज नाकारायला आईचं बोलणं पुरेसं होतं, आणि वाचला तो मुलीच्या बोलण्याने. आदेशात न्यायाधीशांनी लिहिलं होतं, की फिर्यादी कुणाच्या दबावाखाली दिसत नाही, उलट आरोपी दूर राहावा एवढीच तिची मागणी आहे, आणि ती मागणी अटी घालून पूर्ण करता येते. त्याप्रमाणे अटी घातल्या. खटला संपेपर्यंत शहापूर तालुक्याच्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही. मुरबाडला मामाकडे राहायचं, तिथल्या पोलीस ठाण्यात आठवड्याला हजेरी लावायची. फिर्यादीशी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष संपर्क करायचा नाही. मामा सातबारा घेऊन जामीनदार राहिला आणि पोरगा सुटला. बार रूममध्ये लोकांनी माझं अभिनंदन केलं. सरकारी वकील चहा पिता पिता म्हणाले, तुमच्या पक्षकाराच्या आईने तुम्हाला बुडवलंच होतं. मी म्हटलं, आणि बहिणीने काढलं. खुनाच्या केसमध्ये जामीन म्हणजे वकिलाला बरं वाटण्याची गोष्ट आहे, आणि मला बरं वाटलं. घरी जाताना वाशिंदच्या बाजारातून मासळी घेतली.

ह्यानंतर ती केस माझ्या लेखी तारखांपुरती उरली. आवणी झाली ती लेकीने बायकांना सांगून, आळीपाळीने एकमेकींच्या शेतात राबून करून घेतली, असं कानावर आलं. पहिली मूठ तिने स्वतः रोवली म्हणे. पाड्यावर कुजबुज झाली असणार. तेवढी तर ती एखादीने पाण्याचा हंडा आधी भरला तरी होते.

भात पोटरीला आलं होतं तेव्हा आई पुन्हा माझ्या ऑफिसात आली. ह्या वेळी एकटी. सुकली होती. मी विचारलं, काय मावशी, पोरगा हजेरी चुकवत नाही ना? नाही म्हणाली. मग बराच वेळ खिडकीतून खाली बघत बसली. मला कोर्टात जायचं होतं, मी तसं बोलूनही दाखवलं, तेव्हा कुठे तिने तोंड उघडलं.

इतके दिवस ती आठवड्यातून एकदा मुरबाडला मुलाकडे जायची. भाकरी, सुकट, काही ना काही बांधून न्यायची. बाकीचे दिवस लेकीकडे. लेक मजुरीला जाते, तिची लहान मुलगी आजीच सांभाळते. लेकीने आतापर्यंत एका शब्दाने विचारलं नव्हतं, कुठे जातेस म्हणून. परवा मुरबाडहून परत आली तर लेक दारात उभी. भांडली नाही, रडली नाही. म्हणाली, त्याच्याकडं जातेस ते पाय घेऊन माज्या घरात येऊ नको. एक कायतरी ठरव. आईने तेव्हापासून ठरवलं होतं. नात लहान आहे, लेकीला दुसरं कुणी नाही, पोरगा मामाकडे जेवूनखाऊन आहे. मुरबाडला जायचं नाही. ठरलं होतं, ते बरोबर आहे हेही तिला पटलं होतं. पण ते मुलाला तोंडाने सांगणं तिच्याच्याने होत नव्हतं.

"माला पन मनाई घालून द्या ना, बाय," ती म्हणाली. "त्याला घातली तशीच. भेटायचं नाय म्हनून."

मला आधी कळलंच नाही. कळल्यावर मी तिला समजावलं, की कोर्ट असा हुकूम देत नाही. अटी आरोपीला घालतात. तुम्ही आरोपी नाही, तुम्ही काही केलेलं नाही, तुम्हाला कोर्ट कशावरून अडवणार? ती विचार करून आली होती. म्हणाली, सांगा की ही म्हातारी इकडचं तिकडं करते, निरोप पोचवते म्हनून. मी म्हटलं, अहो, असं सांगितलं तर अप्रत्यक्ष संपर्क झाला म्हणून त्याचाच जामीन रद्द होईल, पुन्हा आत जाईल तो. तेव्हा मात्र ती घाबरली. नको नको, म्हणाली, मी काय निरोप नाय नेत, देवाशपथ. मला माहीत होतं. निरोप न्यायला दोघांपैकी कुणी एकमेकांचं नाव तरी घ्यायला हवं होतं.

मग ती म्हणाली, मंग तुमीच त्याला सांगा. कोर्टानं आयला मनाई केली म्हनावं. तुमचं ऐकंल तो.

मी चिडले. चांगलीच चिडले. म्हटलं, मावशी, कोर्टाने जे म्हटलेलं नाही ते कोर्टाच्या नावावर खपवायला मी एजंट नाही. असले धंदे करणारे खाली टपरीवर उभे असतात, त्यांच्याकडे जा. तुमचा मुलगा आहे, तुम्ही सांगा, काय खाणार आहे का तुम्हाला? तिने सगळं ऐकून घेतलं. हातापाया पडली नाही, रडली नाही. माठातलं पाणी प्यायली, ग्लास जिथला तिथे ठेवला आणि जिना उतरून गेली. दिवसभर मला माझाच राग येत राहिला आणि का येतोय ते कळेना. संध्याकाळपर्यंत मी स्वतःला पटवलं होतं, की माझं काहीच चुकलं नाही. कायद्याने बघितलं तर चुकलं नव्हतंच.

पुढची तारीख कल्याणला होती. तो मामाबरोबर आला, बाहेरच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा राहिला. केस पुकारली, साक्षीदाराचं समन्स निघालं नव्हतं, तारीख पडली. मी बाहेर येऊन दोघांना नवी तारीख सांगितली. मामा पाणी प्यायला गेला. हा तिथेच घुटमळत राहिला. एरवी तो माझ्याशी दोन वाक्यंही बोलत नसे. मी विचारलं, काय रे?

त्याने आधी काही नाही म्हटलं. मग खाली बघून म्हणाला, आय येत नाय आता. मामानं फोन केला तरी येत नाय.

मी हातातले कागद फाइलला लावत होते. ते लावून झाले, दोरीची गाठ मारून झाली, तरी तो उभाच.

"कोर्टाची मनाई आहे तिला," मी म्हटलं. "खटला संपेपर्यंत तुला भेटता येणार नाही."

त्याने वर बघितलं. खांदे सैल झाल्यासारखे वाटले.

"मंग ठीक हाय," तो म्हणाला. "माला वाटला, तिलाच नाय यायचं."